बेटाची दोन तिकिटं

४ फेब्रुवारी, मंगळवार

अठ्ठावीस तारखेला सगळे मैल बाद! ह्यांच्या फोनवर निरोप आलाय. फोन मी रोज चार्ज करते, का कोण जाणे. जूनपासून त्यांनी तो हातात धरलेला नाही.

चोवीस वर्षं हे छपाईची यंत्रं दुरुस्त करत विमानाने फिरले. जितका प्रवास, तितके मैल खात्यावर जमा, आणि त्यावर फुकट तिकीट. मी मात्र विमानतळाच्या दारापर्यंत, बॅग उतरवून द्यायला. "रिटायर झालो की आपण दोघं एखाद्या बेटावर जाऊ," दर खेपेला तेच. मार्चमध्ये रिटायर झाले. जूनमध्ये अर्धांगाचा झटका. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. कळतं सगळं, डॉक्टर म्हणतात. तोंडातून फक्त "अं". डाव्या हातानेही लिहिता येत नाही, अक्षरंच जुळत नाहीत.

जायचं. ठरलं!

६ फेब्रुवारी

मुलीने फोनवरून बेट शोधून दिलं. छोटं आहे, चाकाची खुर्ची थेट वाळूपर्यंत नेता येते म्हणे. दोघांचं जाणं-येणं ह्यांच्या मैलांत बसतंय.

ह्यांना फोटो दाखवला. निळंशार पाणी, झावळ्यांची खोपटी. "अहो, जायचं ना?" डोळे हलले. मी ते हो धरलं.

८ फेब्रुवारी

विमान कंपनीला फोन. पाऊण तास गाणं ऐकलं. मग एक मुलगा —

"खातेदारांशी बोलू द्या."

"त्यांना बोलता येत नाही हो."

"मग त्यांना लिहून सही करून पाठवू द्या."

"हात चालत नाही."

"मग पासवर्ड टाका, मॅडम."

पासवर्ड! माझी जन्मतारीख टाकली. मुलीची टाकली. लग्नाची टाकली. एकही नाही. पासवर्ड जाणणारा माणूस समोर बसलाय, माझ्याकडे बघतोय, आणि तो त्याच्या आतच अडकून पडलाय. मी हात टेकले.

१२ फेब्रुवारी

भाऊजी आले. त्यांचा आणि ह्यांचा आवाज सख्ख्या भावांचा, अगदी एकसारखा, फोनवर मीसुद्धा फसायचे. "वहिनी, मी बोलतो की दादा बनून! कोणाला कळतंय?"

मला पटलं नव्हतं. तरी नंबर मीच लावून दिला.

नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. छान चाललं होतं. मग पलीकडून विचारलं, शेवटचा प्रवास कुठे केलात? भाऊजी माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. "अं... गेलो होतो कामाला," म्हणाले. खातं बंद! संशयास्पद म्हणून!

भाऊजींनी कपाळाला हात लावला. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांच्यासमोर त्यांच्याच नावाने दुसरा माणूस बोलला. मला मान वर करवेना.

१३ फेब्रुवारी

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात आज एका बाईंच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी

मुलीने कंपनीला लांबलचक पत्र धाडलं होतं, डॉक्टरांचा कागद जोडून. उत्तर आलं. पंचवीस तारखेला सकाळी अकराला त्यांची एक अधिकारी व्हिडिओवर बोलणार. ह्यांनी ओळखपत्र धरायचं आणि स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा. कसाही, पण स्वतःचा.

स्पीच थेरपीच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एकच शब्द घेऊ या. 'हो'. बाकी सगळं सोडा."

२१ फेब्रुवारी

हो. हो. हो. आरशासमोर, जेवताना, दाढी करून देताना. मीच म्हणतेय दिवसभर. ह्यांचे ओठ गोल होतात, श्वास बाहेर येतो, आवाज येत नाही. आज चिडून त्यांनी आरसा ढकलून दिला. फुटला नाही. मी उचलला आणि पुन्हा समोर ठेवला. निर्दयीच आहे मी!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ह्यांना निळा शर्ट घातला, केस विंचरले. अकराला अधिकारी बाई दिसल्या. माझ्या वयाच्या, गोड बोलणाऱ्या. ह्यांनी डाव्या हाताने ओळखपत्र धरलं. "दिसलं सर, घाई नाही," बाई म्हणाल्या. खातं उघडलं. मी तर नाचायचीच बाकी होते.

मग बाईंनी विचारलं, "सर, दोघांची तिकिटं नक्की करू ना?"

ह्यांनी श्वास घेतला. ओठ हलले. आणि स्पष्ट, अगदी पहिल्यासारख्या आवाजात —

"नको."

आठ महिन्यांतला पहिला शब्द! मला हसू आलं की रडू, आता आठवत नाही. "अठ्ठावीसपर्यंत वेळ आहे, ताई. खातं उघडंच ठेवते," एवढं त्या म्हणाल्या आणि गेल्या.

नको! मी डॉक्टरांना विचारलं, मुलीला विचारलं, थेरपीच्या बाईंना विचारलं. ह्यांना एकदा फोटो दाखवला, बस.

२७ फेब्रुवारी

सकाळी अंग पुसताना विचारलं. बेट नको? मान हलली. विमान नको? मान हलली. खुर्चीतून लोकांसमोर जायला नको? डोळे मिटले. मग डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. बराच वेळ झगडले. घाम आला.

"तू... जा."

"आणि तुम्ही?"

भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी फोनवर रडली — "आई, बाबा तुला सुट्टी देतायत गं." भाऊजी म्हणाले, "मी राहीन दादाजवळ. पाच दिवसांचा तर प्रश्न." सगळे किती चांगले! मला मात्र तोंड लपवावंसं वाटतंय. अधिकारी बाईंना फोन केला. त्यांनी काही विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

एक तिकीट आलं. माझं.

इथे तरी खरं लिहिते. मलाही एकटीलाच जायचं होतं. त्यांना ते माझ्याआधी कळलं.