उजवीकडचा दिवा विझत नाही

२ जून ८७, सेलू
पदोन्नतीचा आदेश हातात पडला. मी मुख्याध्यापिका. शाळा देवगाव फाट्याच्या पुढं, जिंतूर रोड सोडून बरीच आत. ३० जूनपर्यंत रुजू व्हायचं. नाही झाले तर नकार धरणार, आणि मग नंबर आमच्याच शाळेतल्या कदम गुरुजींचा. माझा पुन्हा कधी लागेल देव जाणे, आणि देव तर आमी केव्हाच सोडला.

त्या गावाला एस.टी. दिवसातून एकदाच, तीही दुपारी. दुपारी उगवणारी मुख्याध्यापिका कोण चालवून घेईल? म्हणून तर ही सेकंडहँड मोटार घेतली तेव्हापासून मागं लागून शिकले, लायसन काढलं. ह्यांना वाटलं बाईची हौस. आदेश वाचून घडी करून परत दिला. म्हणाले, "बघू."

सतरा वर्षं झाली लग्नाला. ह्यांच्या 'बघू'चा अर्थ नाही असा असतो.

७ जून
रविवार. गाडी सरळ चालली तरी स्टिअरिंगच्या दांड्या तिरप्या दिसतात. हे ओव्हरसिअर, वाकडं दिसलेलं खपत नाही. गफूर मेकॅनिक म्हणाला होता, दोष खाली चाकाच्या रॉडांत आहे, तिथं सेट करावं लागंल. ह्यांनी ऐकलं नाही. सकाळी अंगणात स्वतःच नट खोलून स्टिअरिंग उपसलं, दोन दाते फिरवून पुन्हा बसवलं.

"दिसतंय ना सरळ? मग झालं."

दिसतं सरळ. शेजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. चहा मला करावा लागला.

१० जून
संध्याकाळी फाट्यापर्यंत सराव. मी चालवायले, हे शेजारी.

"इंडिकेटर बंद कर." थोड्या वेळानं, "इंडिकेटर." मग नुसतंच, "अगं."

आधी असं नव्हतं. वळण झालं, स्टिअरिंग सरळ आलं की इंडिकेटरची दांडी आपली आपण टक् करून जागेवर यायची, दिवा विझायचा. आता उजवीकडं वळलं की विझतच नाही. डावीकडं उलटं, वळण पुरं व्हायच्या आधीच दांडी पडते. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुझाच हात लागत असंल. गाडीला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलायलीस."

मी पुन्हा दांडी पाडून पुढं निघाले. वाद का घातला नाही, ते आता लिहिताना कळत नाही.

१४ जून
आज मेलो असतो.

फाट्यावर उजवीकडं वळून जिंतूर रोडला लागले. ऊन समोरून, स्टिअरिंगमागचा इंडिकेटरचा बारका दिवा धड दिसत नव्हता. मागं ट्रक. ह्या रस्त्यावर पुढच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकला की मागच्यानं समजायचं, पुढं रस्ता मोकळा आहे, निघ. सगळे ट्रकवाले असंच चालवतात. माझा दिवा वळण संपलं तरी चालूच. ट्रकवाला मला ओलांडायला निघाला. समोरून एस.टी.

एस.टी.वाल्यानं गाडी शेतात घातली म्हणून वाचलो. बाभळीला घासून उभी राहिली. लोक उतरले. एका म्हातारीचं कपाळ फुटलं, तिला पदर फाडून बांधला. ट्रकवाला उतरून माझ्यावर ओरडायलाय, "तूच दिवा दिला ना बाई? मंग?" एस.टी.चा ड्रायव्हर म्हणाला, "बाईच्या हातात गाडी कोण देतंय रे ही?" सगळे ह्यांच्याकडं बघायलेत.

हे म्हणाले, "चूक झाली. पुन्हा नाही देणार."

माझी चूक, आणि माफी ह्यांनी मागितली. परत येताना ह्यांनीच चालवली. घरी आल्यावर म्हणाले, "नकाराचा अर्ज लिहून टाक. मी टाईप करून आणतो."

१५ जून
शाळा उघडली. कदम गुरुजींना सगळी बातमी आधीच पोचलेली. "बाई, जीव वाचला हे महत्त्वाचं. पोस्टाचं काय, पोस्टं येतात जातात." फार गोड बोलतात. आमच्या लोकांना पोस्ट मिळाली की राखीव जागांवरून हेच गुरुजी पाठीमागं काय बोलतात, तेही मला माहीत आहे.

म्हातारीचं कपाळ डोळ्यासमोरून जात नाही. नकार द्यावा असं आज खरंच वाटलं. माझ्याच हाताला वळण नाही तर रोज त्या रस्त्यावर कुणाचा तरी जीव जाईल.

अर्ज लिहिला. सही नाही केली.

१८ जून
पाथरीला ह्यांच्या मावसभावाच्या दहाव्याहून आलो. हे चालवत होते. मी डाव्या सीटवर, करायला काही नाही, म्हणून बघत बसले.

पाथरीत उजवीकडं वळलो. वळण संपलं, आणि ह्यांच्या हाताचं एक बोट हळूच खाली आलं. दांडी ढकलली. पुन्हा स्टिअरिंगवर. पुढच्या उजव्या वळणाला तसंच. त्याच्याही पुढच्या. डाव्या वळणाला बोट दांडीखाली आधार देऊन ठेवलेलं, पडू नये म्हणून. तोंडानं मात्र मावसभावाच्या जमिनीच्या वाटण्या चालू.

म्हणजे माहीत आहे. रोज बोट लावतात आणि मला म्हणतात तुझा हात.

आणि मग चौदा तारीख आठवली. त्या दिवशी हे शेजारीच होते. ऊन माझ्या डोळ्यात होतं, ध्यान मागच्या ट्रककडं, पण इंडिकेटरची टिकटिक ह्यांच्या कानात होती.

घरी आलो. भाकरी केल्या, वाढल्या, स्वतः जेवले नाही. ह्यांनी विचारलंही नाही.

१९ जून
सकाळी सरळ विचारलं. "त्या दिवशी दिवा चालू होता, टिकटिक ऐकू येत होती का नाही?"

दाढी करायलेले. आरशातूनच म्हणाले, "येत होती."

"मग?"

"तुला कळतं का ते बघत होतो. उद्या एकटी गेलीस तर कोण सांगणार हाय?"

मागून ट्रक लागलेला, पुढून एस.टी., आणि ह्यांनी परीक्षा घेतली माझी. मी वीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेते, कुणाला विहिरीच्या कठड्यावर उभं करून गणित घातलं नाही.

म्हटलं, स्टिअरिंग तुमी उपसलं तेव्हापासून हे झालंय. म्हणाले, "उगं काहीतरी." म्हटलं, मग तुमचं बोट कशाला जातं तिथं? तेव्हा आवाज चढला. बायकोनं नवऱ्याच्या बोटाकडं बघत बसायचं का, वगैरे. पूर्ण वाक्यं लिहिण्यात अर्थ नाही.

नामांतराच्या मोर्चात आमी दोघं पकडलो गेलो होतो. पोलिसांच्या गाडीत ह्यांनी माझा हात धरून घोषणा दिल्या. त्या माणसाशी लग्न टिकवलं असं मला वाटत होतं. मागच्या महिन्यात विहारात स्त्रीच्या स्वातंत्र्यावर तासभर बोलले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. लाज वाटायली आज त्या टाळ्यांची.

रात्री लेकीला नांदेडला पत्र लिहायला बसले. वसतिगृहात पोरगी अभ्यास करायलेली, तिच्या डोक्याला ताप कशाला. फाडलं.

२१ जून
गफूरभाईच्या गॅरेजला एकटी गेले. गाडी मीच चालवत नेली, उजवीकडं वळले की बोटानं विझवत. त्यानं पाहिलं आणि पान थुंकून हसला.

"बाई, ये तो मैं सायब को उसी दिन बोला. दांडी पाडणारा उंचवटा स्टिअरिंगलाच हाय. स्टिअरिंग फिरवलं की तो बी फिरला. इंडिकेटर कामातून जाईल, बोललो."

"मग काय म्हणाले?"

"बोले, रहने दो."

"बसवून दे परत जागेवर."

"ना. सायबानं सांगितलंय, विचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

म्हटलं, गाडी माझ्या पगारातून आलीय. म्हणाला, "आली असंल. पण बोलणं सायबाचं चालतंय." पाना मागितला तर तोही दिला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फटफटीकडं वळला. पाठमोऱ्या माणसाशी किती भांडणार.

२५ जून
कदम गुरुजींनी मधल्या सुट्टीत विचारलं, "अर्ज दिला का बाई?" म्हटलं, देणार नाही. चहाचा कप खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. घरात मीठ दे, पाणी तापलं, एवढंच चालू आहे.

२८ जून
हे बैठकीला विहारात. मी अंगणात.

डिकीत गाडीचा स्वतःचा पाना निघाला. स्टिअरिंगची मधली टोपी काढली, आत नट. ह्यांनी आवळलेला, जीव खाऊन. सीटवर मागं रेलून पान्यावर पाय रेटला तेव्हा हलला. मग स्टिअरिंग निघेना. ओढता ओढता एकदम सुटलं आणि हनुवटीवर आलं, तोंडात रक्त. शेजारच्या काकू कुंपणावरून, "अगं बाई, साहेबांना येऊ दे की." म्हटलं, साहेब येईपर्यंत आवरायचंय.

दोन दाते उलटे फिरवून बसवलं. नट आवळला, पुन्हा पायानं. मग मैदानावर नेऊन घिरट्या घातल्या. उजवीकडं वळले, सरळ झाले, टक्. विझला. डावीकडं, टक्. लय दिवसांनी पोटातून हसू आलं. मैदानात एकटीच बसून हसले.

दांड्या तिरप्या झाल्यात परत. होऊ दे.

ह्यांनी आल्याबरोबर काचेतून पाहिलं. "हे काय वाकडं करून ठेवलंस?"

म्हटलं, "आता दिवा विझतो."

"खालचं सेट न करता बसवलंस. अशी वाकडी गाडी घेऊन बाहेर जायचं नाही."

"परवा रुजू व्हायला जाणार आहे."

माझ्या हनुवटीकडं पाहिलं. न जेवता झोपले.

३० जून
सकाळी आवरून, नवी साडी नेसून अंगणात आले. गाडीचं दार उघडलं. स्टिअरिंग नाही. नुसता दांडा वर आलेला.

घरात हे नाहीत. काकू म्हणाल्या, "साहेब पहाटं टॉवेलात काहीतरी गोल गुंडाळून स्टँडकडं गेले. परभणीची गाडी धरली वाटतं."

किती वेळ त्या सीटवर बसून होते सांगता येत नाही. रडले नाही. आधी फक्त राग आला, तो ह्यांचा नाही, माझाच. मी कुलूप का लावलं नाही, असं वाटलं. नवऱ्यापासून गाडीला कुलूप.

मग दुपारच्या त्याच एकुलत्या एस.टी.नं गेले. शाळा सुटायला थोडा वेळ राहिला होता, तेव्हा रजिस्टरवर सही केली. रुजू. शिपाई म्हणाला, "बाई, परतीची गाडी गेली." म्हटलं, माहीत आहे.

गावात खोली विचारली तर आधी आडनाव विचारतात, मग खोली नसते. शेवटी दवाखान्याच्या नर्सबाईंनी त्यांच्या क्वार्टरमधली पुढची खोली दिली. अंगावरची साडी आणि पर्स, तीत ही वही, एवढंच सामान. नर्सबाईंनी काही विचारलं नाही, एक गाऊन काढून दिला.

१ जुलै
पहिला दिवस. छप्पर गळतं. दोन शिक्षक गैरहजर. काम लय आहे आणि मला बरं वाटायलंय.

घरून कुणी आलं नाही. यावं असंही वाटत नाही. दुपारी मात्र एस.टी.चा आवाज आला तेव्हा दारात जाऊन उभी राहिले. स्वतःचाच राग आला.

३ जुलै, शाळा
पाचवीच्या वर्गात बसून लिहितेय. पोरं गणित सोडवायलेत.

दुपारच्या गाडीनं हे आले. फाटकातून आत येताना पाहिलं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं स्टिअरिंग. शिपायाला म्हणाले म्हणे, सेलूला गेलोच नाही, परभणीहून जिंतूरवरून येऊन फाट्यावर ही गाडी धरली. तीन दिवसांची दाढी.

वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. पोरं उभी राहिली, "नमस्ते" म्हणाली. ह्यांनी टॉवेल सोडून दाखवलं. "उंचवटा झिजला होता, तो नवा करून घेतला. गफूरला खालचं सेट करायला सांगतो. आता दोन्ही होईल, सरळ पण दिसंल आणि विझंल पण. घरी चल."

माझा आवाज शांत होता. मलाच नवल वाटलं. "त्या दिवशी टिकटिक ऐकत बसला होतात, त्याचं काय करून आणलंय?"

पोरं दोघांकडं बघायली.

म्हटलं, "तास चालू आहे."

"थांबतो."

व्हरांड्यातल्या बाकावर बसलेत. स्टिअरिंग मांडीवर. धाकटी पोरं भोवती जमलीत, एकानं हात लावून पाहिला तर हाकललं नाही. शिपाई येऊन विचारून गेला, पाहुण्यांना ऑफिसात बसवू का. म्हटलं, बसू दे तिथंच.

लवकरच घंटा होईल. परतीची गाडी त्याच्या आधी जाते, हे त्यांना ठाऊक असेल किंवा नसेल. जा म्हणायचं का राहा म्हणायचं, अजून ठरत नाही. पोरांच्या वह्या तपासून झाल्या. फळ्यावर आणखी एक गणित घातलं, जरा अवघड.