मुलुंडचा रविवारचा सिनेमा

सर, मुलुंडची आपली फिल्म सोसायटी बंद झाली. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं मी ती कशीबशी ओढली. आता ती उरली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं म्हणून लिहायला बसले आहे.

शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात, पण मी तुमच्याकडून जे शिकले ते वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. रविवारी सकाळी खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार करायचा, भिंतीवर पांढरी चादर आणि तिच्यावर कुठल्या कुठल्या देशांचे सिनेमे. पुढे चांगल्या थिएटरांतून खूप पाहिलं, तरी माझा सगळ्यात लाडका खेळ तिथलाच. बर्फातून घोडा ओढत घरी निघालेली एक म्हातारी. त्या प्रिंटवर सबटायटल्सच नव्हती. लोक कुरकुरायला लागले, तसे तुम्ही चादरीच्या बाजूला उभे राहिलात आणि म्हातारीचं बोलणं मराठीत सांगू लागलात. तुम्हाला कुठे येत होती ती भाषा! नुसतं तिच्या तोंडाकडे बघून सांगत होतात. शेवटी म्हातारी घराशी पोचते, दाराबाहेर बसते, पण दार वाजवत नाही. तुम्ही गप्प. मला राहवेना. "सर, काय म्हणतेय ती?" मी मोठ्याने विचारलं.

"काही म्हणत नाहीये गं! बघ ना जरा!" तुम्ही सगळ्यांसमोर खेकसलात. माझे कान तापले. पण मी बघितलं, आणि मग जन्मभर तसंच बघत आले.

वाचनालयाची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. नव्या टॉवरमध्ये हॉल मिळणार होता, तो झालाही. त्यात आता जिम आहे. मग मी शाळेचा एक वर्ग मागून घेतला, तो गेल्यावर भांडुपला ओळखीच्यांची क्लासची खोली. प्रोजेक्टर पिशवीत घालून रिक्षाने फिरले. जुनी माणसं वारली, काही ठाण्याच्या पलीकडे राहायला गेली. तरुण मुलं एकदा यायची, "झकास होता मॅडम, पुढच्याची लिंक पाठवा ना," म्हणायची. मी पाठवायचे. ती पुन्हा यायची नाहीत. गेल्या उन्हाळ्यात लावलेल्या खेळाला एकच निवृत्त गृहस्थ आले. अर्ध्यातच उठले. "वाईट वाटून घेऊ नका," ते दाराशी थांबून म्हणाले, "तुम्ही एकट्याच बसाल म्हणून आलो होतो." ते गेल्यावर मी एकटीनेच तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. वाटलं होतं, रडू येईल. काहीच आलं नाही. सिनेमा संपला, मी वायर गुंडाळली.

हे पत्र तुमच्या घाटकोपरच्या घरी पाठवता आलं असतं. काकू अजून तिथेच असतात, पण त्यांची नजर गेली आहे आणि आलेलं सगळं सून त्यांना वाचून दाखवते. म्हणून नाही पाठवत. रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो, "आज खयचो सिनेमा लावलंस गो?" मी सांगते. नाव सांगते, गोष्ट सांगते, हॉल भरला होता असंही सांगते. परवा त्यांना जो सिनेमा सांगितला ना सर, तो कुणी काढलेलाच नाही.