चौथ्या टर्मिनलवरचा शब्द

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून त्या एका शनिवारपाशी अडकले आहे. आज दुपारपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. गॅलरीत जाऊन उगीच वाळलेले कपडे पुन्हा झटकले. आता बसलेच आहे तर सांगून टाकते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चंदीगडच्या संस्थेत तुम्ही आमचे विभागप्रमुख, मी नवखी. कपाटाएवढं ते कॉम्प्युटरचं यंत्र, आणि त्याचा सगळा कारभार चालवणारा मूळ प्रोग्राम, कर्नल, आपण स्वतः लिहीत होतो. माझे वडील लष्करात, त्यामुळे आईला कितीतरी दिवस वाटत होतं की मी कुणा कर्नलसाहेबांच्या हाताखाली काम करते. हे ऐकून तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला होतात.

त्या आठवड्यात मात्र कुणी हसत नव्हतं. सोमवारी दिल्लीहून समिती येणार होती आणि यंत्र दर अर्ध्या तासाला बंद पडत होतं. दर वेळी मेमरीतली एकच जागा बिघडायची. चालू प्रोग्रामांची यादी मी जिथे ठेवली होती, नेमकी तीच. मी छातीठोकपणे म्हणाले, "सर, तिथलं मेमरीचं बोर्ड खराब आहे." बोर्डांचं काम आपल्या सरदारजींकडे. शनिवारी पटियालाला त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न. माझ्या शब्दावर तुम्ही त्यांची सुट्टी रद्द केलीत. ते वाद घालत बसले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मॅडम, बोर्ड तो ठीक है जी. एक बार अपना नक्शा भी देख लो." नक्शा म्हणजे मेमरीत कुणाची जागा कुठून कुठपर्यंत, त्याचा मी हातानं केलेला तक्ता. मला रागच आला. "नक्शा पक्का है," मी म्हणाले, तो न उघडताच.

शनिवारी सकाळचे अकरा. सरदारजी चौथ्या टर्मिनलवर, म्हणजे यंत्राला जोडलेल्या चौथ्या कीबोर्डापाशी, बसून काहीबाही टाइप करून पाहताहेत. यंत्र पुन्हा बंद पडतं. मी मेमरीची छापील प्रत घेऊन बसते. यादीच्या जागी नुसते आकडे, पण ते मला अक्षरांच्या आकड्यांसारखे दिसायला लागतात. पेन्सिलीनं एकेक अक्षर उलगडते. पी. ए. टी. आय. पुढे वाचायची गरजच उरत नाही. पटियाला. यंत्र बंद पडलं तेव्हा तिकडे ते तोच शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत होते.

मी तक्ता उघडला. दोनाची चार टर्मिनलं झाली तेव्हा टाइप होणाऱ्या अक्षरांसाठी मी जागा दुप्पट केली होती, पण तिला लागून असलेली प्रोग्रामांची यादी पुढे सरकवायला विसरले होते. एकाच जागेवर दोघांचा हक्क लिहून ठेवला होता, माझ्याच अक्षरात.

"मिला कुछ?" त्यांनी विचारलं.

लग्न सकाळीच लागून गेलं होतं, पण डोली संध्याकाळी उठणार होती. सतरा सेक्टरच्या बसअड्ड्यावरून पटियाला दोन तास. निदान पाठवणीला भाऊ पोचला असता.

"नहीं," मी म्हणाले. "अभी नहीं."

का म्हणाले? तुमच्यासमोर खोटी पडेन म्हणून, बस. ते जेवायला गेले तेव्हा मी प्रोग्राममधला यादीच्या जागेचा तो एक आकडा बदलला. यंत्र चालू लागलं. मी त्यांना म्हणाले, शेवटी बदललेल्या बोर्डानं काम केलं वाटतं. ते खूश झाले आणि यंत्रावर लक्ष ठेवायला संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. अधूनमधून घड्याळ बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

समिती येऊन गेली. बुधवारी तुम्ही मला आत बोलावलंत. समोर माझा प्रोग्राम होता आणि त्या आकड्यावर तुमचं बोट.

"हे तू शनिवारी शोधलं ना? सकाळी का दुपारी?"

"सकाळी."

तुम्ही चष्मा काढलात. मग म्हणालात, "चुका माझ्याही होतात. पण मी त्याची सुट्टी तुझ्या शब्दावर कापली. त्याला तू सांगशील. मी नाही सांगणार."

आठवड्याभरानं व्हरांड्यात विचारलंत, "सांगितलं का?"

"हो, सर."

"मग? काय म्हणाला?"

"हसले."

तुमच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "मोठ्या मनाचा माणूस आहे," म्हणालात आणि पुढचं सगळं काम माझ्यावर सोपवलंत. निवृत्त होऊन नागपूरला गेल्यावरही येईल त्याला सांगायचात म्हणे, की ती मुलगी आपली चूक कबूल करते.

मागच्या महिन्यात सरदारजी भेटले, एका लग्नात. आता थकलेत. सुनेला म्हणाले, "इन मॅडम के साथ बड़ा काम किया है." मी ताट हातात घेऊन नुसती उभी राहिले.

ते हसले नव्हते, सर. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. अजूनही नाही. त्यांचा मोहालीचा पत्ता माझ्याजवळ आहे, आणि पत्र मी तुम्हाला लिहीत बसले आहे.