पावलाचा कागद

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय मंडळी,

तुला, लेकीला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. नातवाच्या दोन्ही गालांना एकेक पापा. तू गेलीस तेव्हा दुपट्यात होता, आता घरभर पळतो म्हणे! इकडे सर्व ठीक. गॅस आठवणीने बंद करतो, कुंड्यांना पाणी घालतो. रविवारीच फोनवर बोलणं झालं, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू काही विचारलंस की माझ्या तोंडून भलतंच निघून जातं, म्हणून.

आधी एक बातमी. मी नोकरी धरली आहे. तू गेल्यावर महिन्याभरातच धरली, फोनवर सांगायचं तेवढं टाळलं. चौकातल्या फर्निचरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर. गिऱ्हाइकांना सोफे, पलंग, जेवणाची टेबलं दाखवायची. चारी बाजूंना खुर्च्याच खुर्च्या, आणि मला मात्र बसायला मनाई! बसलेला माणूस आळशी दिसतो, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. साहेब आपल्या लेकीपेक्षा लहान आहेत. मी "हो साहेब" म्हणतो. हस, पोटभर हस. पेन्शन पुरते गं, पण घरात बसवत नाही.

तर आता बुटांचं ऐक. माझे ते काळे, ऑफिसचे. ऑफिसात बसून मिरवले, तोवर गुणाचे होते. इथे दिवसभर उभं राहिल्यावर त्यांनी खरं रूप दाखवलं. टाचेला फोड, करंगळी लालभडक. संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. शेवटी गेल्या आठवड्यात कामावर जाता जाता बुटांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, "काका, नंबर?"

या वयात मला माझ्या बुटांचा नंबर माहीत नाही! इतकी वर्षं बूट तूच आणलेस. लाजेखातर "आठ" म्हणून ठोकून दिलं. स्टुलावर बसल्या बसल्या पायात घातले, छान वाटले, घेऊन आलो. दुपारपर्यंत पाय सुजले आणि तेही चावायला लागले.

परत द्यायला गेलो तेव्हा ते ठेवून घेत तो म्हणाला, "उभं राहायचं काम ना तुमचं? मग सकाळी कशाला घेता? संध्याकाळी या, पाय थकलेले असताना. उभं राहून, चार पावलं चालून बघा. पुढे अंगठाभर जागा हवी, टाच हलायला नको. आणि माप मोठ्या पायाचं धरायचं. तुमचा कुठला मोठा?"

तेही मला माहीत नव्हतं. "काकूंना विचारून या," म्हणाला.

घरी येऊन स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं. तू कसं करायचीस ते आठवलं. मला त्यावर उभं करायचीस, "अंग सैल सोडा हो, बोटं आक्रसू नका" म्हणायचीस, आणि खाली बसून पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती फिरवायचीस. मला गुदगुल्या व्हायच्या आणि तू पोटरीवर चापट द्यायचीस.

स्वतःचं पाऊल स्वतःला काढता येत नाही, तुला ठाऊक होतं? वाकलं की टाच उचलली जाते आणि पेन्सिल तळव्याखाली घुसते. बसून काढावं तर पाय आखडतो. सगळी पुरवणी खराब केली. एक पाऊल बदकाचं, एक राक्षसाचं, माझं एकही नाही. शेजारच्या मास्तरांना हाक मारायला दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. परक्या माणसाला आपल्या पायाशी बस असं कसं म्हणायचं? मग त्या कागदांवरच बराच वेळ बसून राहिलो. घरात एकट्याने राहतोय हे इतक्या दिवसांत तेव्हा नीट कळलं.

काल दुकानात एक जोडपं आलं होतं, आपल्याच वयाचं. गृहस्थांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी निम्मे सोफे बाद केले. "यावर यांची पाठ धरेल. हा नको, तोही नको." आमचे साहेब मागे उभे राहून हसत होते. मला त्या गृहस्थांचा हेवा वाटला.

रविवारी तू विचारलंस, "नातू शाळेत जाईपर्यंत इथेच राहू का?" मी लगेच म्हटलं, "राहा की! माझं काय अडतंय?" तू जरा थांबलीस आणि मग "बरं" म्हणालीस. ते "बरं" माझ्या कानातून जात नाही.

म्हणून खरं उत्तर लिहितो. राहू नकोस. लेकीची ओढाताण मला कळते. ती रागावेल, बाबा स्वार्थी आहेत म्हणेल, म्हणू दे. तिला पाळणाघर मिळेल, चांगली बाई मिळेल. माझं पाऊल काढून देणारं मला दुसरं कोण मिळणार? मला तुझ्यावाचून करमत नाही. अजिबात करमत नाही.

दुसरे बूट अजून घेतलेले नाहीत. जुन्यातच टाचेला कापूस लावून भागवतो आहे. स्वयंपाकघरात आजचं वर्तमानपत्र पसरून ठेवलं आहे. पेन्सिल त्यावरच आहे, टोक काढून.

तुझाच,
अहो