ब्रेकची पेटी आणि माझा पाय

१२ फेब्रुवारी १९९२
पुण्याचे नाईक साहेब आले. ट्रकच्या ब्रेकला एक पेटी बसवली, इलेक्ट्रॉनिक म्हणे. पाय मी दाबायचा, पण चाक किती आवळायचं अन् कधी सोडायचं ते पेटी ठरवणार. बावीस वर्षं ट्रक चालवतोय, आता माझ्या पायावर साहेब नेमला.

१४ फेब्रु.
जिंतूर रोड, बोरीच्या अलीकडे. रस्त्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ. रेघेवर ब्रेक दाबायचा, गाडी थांबली की पावलं मोजायची. वीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वेगळे आकडे, ते नाईक साहेब पेटीत भरतात. ज्यांच्यावर गाडी लवकर थांबली ते ठेवायचे, बाकी बाद. ठेवलेल्यांची सरमिसळ करून कॉम्प्युटर नवे वीस काढतो. परत रेघ.
"चांगलं बोंड पाहून बी राखता ना, तसंच," म्हणाले.
पटलं. म्हणूनच संशय आला. इतकं सोपं असेल तर पेटीला कुलूप कशाला?

१९ फेब्रु.
मोर्च्यामुळे नाक्यावर रस्ता बंद. चाचणी नाही.

२६ फेब्रु.
पहिल्या दिवशी बेचाळीस पावलं होती, आज सव्वीस. हेच आकडे चांगले का, विचारलं. "ते मलाही सांगता येत नाही. मी निवडत नाही, रस्ता निवडतो." लय गोड बोलतो माणूस. हरलेल्या चिठ्ठ्या फाडतो, तेही माझ्या माघारी.

३ मार्च
चाचण्या संपल्या की ही गाडी माझा धाकटा भाऊ सुधाकर चालवणार. मानवतच्या बाजारला माल न्यायचा, वर माणसं बसणारच. म्हणून आज त्याला बसवलं. रेघेवर त्यानं पाय दाबला. गाडी एकेचाळीस पावलांवर, पुढच्या बैलगाडीपासून हातभर. सुधाकर पांढराफटक.
ना. साहेबांनी वहीत लिहिलंच नाही. "नवा माणूस आहे, ही चाचणी धरायची नाही."
कुठंतरी पाणी मुरतंय.

४ मार्च
मी चालवली, सुधाकर शेजारी. चोवीस पावलं.
"दादा, तुमी दोनदा पाय मारायलाव."
"न्हाई."
"मारायलाव. खाली बघा की."
बघितलं. खरंच. आधी हलका, मग पूर्ण. आधीच्या जुन्या ट्रकचा ब्रेक पहिल्या दाबाला धरायचाच नाही, तेव्हाची सवय. मला पत्ताच नव्हता.
एवढे दिवस पेटीवर अन् साहेबावर डोळा ठेवला, स्वतःच्या पायाकडे बघितलं नाही. पेटी माझा पाय शिकली. सगळं बी माझ्याच रानात राखलेलं, सुधाकरच्या रानात कसं यावं? लाज वाटली.

५ मार्च
ना. साहेबांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग, "सोमवारी ब्रेक बघायला पाहुणे येतायत. तुम्हीच चालवा. नंतर बघू." वर एक कागद दिला सहीला: ब्रेक निर्धोक, गाडी कोणीही चालवावी. मंगळवारपासून ती सुधाकरच्या हातात. मग नंतर म्हणजे कधी?

९ मार्च, सकाळ
कागद खिशात, सही नाही. पाहुण्यांची सतरंजी रेघेपासून तीस पावलांवर टाकायची ठरली होती, ती काल साठावर न्यायला लावली. ना. साहेबांनी का म्हणून विचारलं, ऊन लागेल म्हणालो.
आज सगळ्यांसमोर सुधाकरसारखा एकदाच पाय दाबायचं ठरवलंय. भीती वाटतेय. पहाटेपासून बाजेवर बसून जमिनीवर दाबून बघतोय. दर वेळी दोनदाच पडतो.