गल्लीची शीतपेटी

३ जानेवारी
गल्लीतल्या बयाबाई गेल्या. लेक दुबईहून यायची, म्हणून रात्रभर बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. सकाळी उंबऱ्याबाहेर पाणी! बघवेना. महिला मंडळाची अध्यक्ष आहे मी — तिथंच जाहीर केलं, वर्गणी काढून गल्लीसाठी शीतपेटी घ्यायची.
हे म्हणाले, "मेल्यावर गारठा कशाला गं? जित्तेपणी आपला फ्यान बी फिरत न्हाय."
आमची लेक स्वप्नालीही परदेशातच, कॅनडात आहे. ते मी बोलले नाही.

११ जानेवारी
तालमीच्या फुटबॉल टीमसाठी मागा — हात आधी खिशात जातो. शीतपेटी म्हटलं की दार आधी लागतं! म्हाताऱ्या तानूबाई तर अंगावरच आल्या, "मला बघून सुचली व्हय गं पेटी?"

२० जानेवारी
युक्ती सापडली. देणगीदारांची नावं पेटीवर रंगवायची! लगेच रांग लागली. फक्त उशाच्या बाजूला कुणालाच नाव नको. शेजारच्या विश्वजितनं वडिलांचं नाव दिलं. वडील धडधाकट! त्यांना विचारलंस का, म्हटलं. तर म्हणे, "सरप्राइज हाय, काकू."

२ फेब्रुवारी
वर्गणी पुरून उरली! उरलेल्यात तांबडा-पांढरा रस्सा झाला. मंडळात माझंच कौतुक.
उशाची बाजू मोकळी होती, तिथं माझं नाव घातलं. 'संकल्पना — वैजयंता बाळासो चौगुले.' पेंटर 'सौ.' विसरला! चांगलाच झापला त्याला. नवरा जिवंत आहे म्हटलं माझा! पुसून परत लिहायला लावलं. हे शेजारी उभे, "मोठं लिव्ह रं, लांबनं दिसाय पायजे."

९ फेब्रुवारी
उद्घाटन. प्रमुख पाहुणे ऐनवेळी मलकापूरला गेले म्हणे. नारळ फोडायला कुणी पुढं येईना. फोटोत कुणी घुसलं नाही, असा कोल्हापुरातला हा पहिलाच कार्यक्रम असेल!
शेवटी हे उठले. "आणा हिकडं. पेटी काय चावती व्हय?" आणि फोडला की! मला राग आला. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.
आता पेटी ठेवायची कुठं? पैसे सगळ्यांनी दिले, जागा कुणीच देईना. आली आमच्याच पडवीत.

१५ फेब्रुवारी
हे रोज पेटी पुसतात. प्लग लावून गार होते का बघतात. आज म्हणाले, "उन्हाळ्यात ताक ठिवूया काय गं ह्यात?" असलं अभद्र बोलू नका म्हणून ओरडले. हसत बसले.

४ मार्च
काल पहाटे हे गेले. चहा टाक म्हणाले आणि तेवढ्यातच.
स्वप्नालीचं विमान उद्या पोचेल.
पेटी कुठून आणावी लागली नाही. यांच्या उशाला माझं नाव आहे. पेंटरनं 'सौ.' खरंच मोठं लिहिलंय. पार स्वयंपाकघरातून दिसतं.