माहेरी नेलेलं पाणी

आये, तुझ्या गळ्याबद्दल परवा एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. तुझी पणती बरेच दिवस मरगळून होती, केस गळत होते. रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. बाई म्हणाल्या, "घरात आधी कुणाला होतं का?" मी बोलायला गेलो आणि आधी हातच वर गेला, बोटं वाकवून गळ्याशी थांबला, पेरू धरल्यासारखा. "आईला एवढं होतं," म्हटलं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. तुझ्याकडून निघून, माझ्यातून वाट काढत ते पोरीकडे गेलं की काय? आता ती पाणी प्यायली की मी तिच्या गळ्याकडेच बघत बसतो. ती म्हणते, "आजोबा, ठसका लागेल मला!"

तुझ्याकडेही मी असाच बघायचो. तू मिठागरातून येतेस, पायांना पांढरा खार चिकटलेला, ओट्यावर बसून तांब्या तोंडाला लावतेस, आणि ती गाठ वर जाते, खाली येते. मला वाटायचं, घोट तिथेच अडकलाय. तुझी सासू आल्यागेल्याला सांगायची, "आमी मिठाची मानसा, आमाला नाय व्हत गलगंड. ह्यो डोंगरचे पान्याचा हाय." तुझं माहेर पेणच्या पलीकडे, डोंगरात. तू मला घेऊन माहेरी जायला निघालीस की घरच्या पाण्याची कळशी भरायचीस, तोंडाला फडकं बांधायचीस आणि यष्टीत ती मांडीवर धरून बसायचीस. कंडक्टर विचारायचा, "वैनी, हिचं अर्धं तिकीट काढू की पुरं?" अख्खी गाडी हसायची. तू कळशी आणखी घट्ट धरायचीस.

माहेरी मात्र कुणी हसलं नाही. तुझी आई चुलीपुढून उठली. "याच विहिरीवर तुला वाढवली. आन आता तुझ्या लेकराला तिचं पाणी चालत न्हाय व्हय?" तू तिचा हात धरलास आणि आपल्या गळ्यावर ठेवलास. "वाढवलीस ती ही बघ, आये." म्हातारीचा हात तिथेच राहिला, राखेने भरलेला. दुसऱ्या दिवशी तिनेच कळशीतलं पाणी माझ्या पेल्यात ओतलं, एक थेंब सांडू न देता. तू स्वतः विहिरीचंच पाणी प्यायचीस, पोटभर. म्हणायचीस, "माझं व्हायचं ते झालंय."

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे दोनदा समजावून घेतलं. त्या म्हणाल्या, एकट्या पाण्याला दोष देऊ नका. हे घराण्यात चालतं, आणि बायकांना जास्त होतं. आयोडीन कमी पडलं तरी गळा सुजतो, आणि मिठागरातल्या साध्या मिठात ते नसल्यातच जमा. आये, तुझ्या सासूला हे ऐकवायला हवं होतं! मी मात्र दवाखान्यात बसून वेगळाच विचार करत होतो. सगळ्यांत कमी धोका होता तो मला, आणि एवढ्या लांब कळशी वाहिलीस तीही माझ्याचसाठी.

पोरीला रोज सकाळी अनशापोटी एक गोळी आहे. गळा तुझ्यासारखा होणार नाही, असं बाईंनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. उद्या ती मांडव्याहून लाँचने मुंबईला नोकरीवर परत जाते आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून ते इथेच उशीखाली राहील. बाईंचं सगळं मला पटलं आहे, आये. तरी तिची बाटली मी आपल्या विहिरीवर भरून ठेवली आहे. झाकण घट्ट फिरकीचं आहे, वर फडकंही बांधलं आहे.